सेलूच्या काळ्या पाषाणाचं वय

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू परिसरात विहीर खणायला घेतली की आधी काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला हा दख्खनचा बेसाल्ट. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, एवढं कुणालाही कळतं. पण तो किती वर्षांपूर्वीचा, हे ठरायला दीडशेहून अधिक वर्षं लागली.

सुरुवात नागपुरात झाली. 1845 मध्ये आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी टाकळीजवळ लाव्हाच्या दोन थरांमधला गाळाचा पातळ पट्टा उकरला. दोन उद्रेकांमधल्या शांत काळात तिथे तळं होतं. त्यातले गोड्या पाण्यातले शंख, फळं, बिया दगड होऊन उरल्या होत्या. 1855 मध्ये त्यांचा निबंध लंडनला छापून आला. जीवाश्मांवरून त्यांनी काळ ठरवला इओसीन, म्हणजे आजच्या हिशेबाने फार तर 5.6 कोटी वर्षांपूर्वीचा.

1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडाले. वाद मात्र चालूच राहिला. वर्धा जिल्ह्यातल्या नवरगावलाही लाव्हाच्या थरांमध्ये झाडांची दगड झालेली खोडं मिळाली. 1934 मध्ये बिरबल साहनींनी वनस्पतींच्या आधारे हिस्लॉपांच्याच बाजूने कौल दिला. उलट चंद्रपूरच्या पिसदुऱ्यात, लाव्हाच्या खालच्या गाळात, डायनोसॉरची हाडं होती, म्हणजे इओसीनच्याही आधीच्या काळाची खूण. थरांनी क्रम दिला, आकडा मिळेना.

तो दिला अणूंनी. पोटॅशियम-40 चा काही भाग सावकाश आर्गॉन वायूत बदलतो. निम्मं पोटॅशियम-40 सरायला 125 कोटी वर्षं लागतात. लाव्हा वितळलेला असताना आर्गॉन निसटतो, थिजल्यावर अडकतो, म्हणून दगड थिजला तेव्हापासूनची मोजणी करता येते. पण झिजलेल्या दगडातून वायू गळतो आणि वय चुकतं. म्हणून पुढे नमुना अणुभट्टीत ठेवून, मग पायरीपायरीने तापवून, गळती झाली का ते तपासलं जाऊ लागलं. 1988 मध्ये डंकन आणि पाइल यांनी याच पद्धतीने सह्याद्रीतल्या थरांचं वय 6.7 कोटी वर्षांच्या आसपास काढलं.

2015 मध्ये ब्लेअर शोन यांच्या गटाने थरांमधल्या झिरकॉन या खनिजाचे कण निवडून, त्यांतलं युरेनियम आणि शिसं मोजून वय काढलं. 2019 मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन गटांचे निष्कर्ष आले. उद्रेक 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या, डायनोसॉरांच्या अंताशी जोडल्या जाणाऱ्या अशनीपाताच्या आगेमागे दहा लाख वर्षांच्या आत झाले, यावर एकमत; त्यांतला मोठा लोट अशनीच्या आधीचा की नंतरचा, यावर मतभेद.

दोन्ही गटांचे नमुने सह्याद्रीच्या घाटांतले होते. विदर्भातले थर त्यांच्याशी जुळवण्यासाठी दगडाची रासायनिक घडण आणि त्यात गोठलेली चुंबकीय दिशा तपासावी लागते. टाकळीचे शंख आणि नवरगावची खोडं अशनीच्या अलीकडची की पलीकडची, हे त्या जुळणीवर अवलंबून आहे.