कोंबडीशिवाय कोंबडीचा परजीवी
उरणसारख्या खाडीकाठच्या तालुक्यात पावसाळ्यात पोल्ट्रीतला तूस कोरडा ठेवणे जिकिरीचे असते. तूस ओला राहिला की रक्ती हगवण डोके वर काढते. तिच्यामागे असतो आयमेरिया हा एकपेशीय परजीवी. कोंबडीत त्याच्या किमान सात जाती आढळतात. त्यांतली टेनेला आतड्याच्या शेवटच्या दोन बंद नळ्यांत वाढते आणि रक्तस्राव घडवते. ती प्रयोगशाळेत वाढवायची, तर कोंबडीचे पोट जे जे करते ते सगळे बाहेर घडवावे लागते.

सुरुवात विष्ठेतून मिळणाऱ्या ऊसिस्टपासून होते. हे परजीवीचे कवचबंद रूप. ताजे ऊसिस्ट बाधा करत नाही. ओल, हवा आणि साधारण २८ अंश तापमान मिळाले की एक-दोन दिवसांत त्याच्या आत ८ स्पोरोझॉइट, म्हणजे पेशीत शिरू शकणारी रूपे, तयार होतात. प्रयोगशाळेत हे काम २.५ टक्के पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात चालते. त्यात जिवाणू वाढत नाहीत, ऊसिस्ट मात्र टिकते. शेडमध्ये नुसत्या फिनाईलने ऊसिस्ट हटत नाही, ते या चिवट कवचामुळेच.

कोंबडीच्या पोटात दाणे दळणारा स्नायूंचा कप्पा हे कवच फोडतो. प्रयोगशाळेत ते काम काचेचे बारीक मणी करतात. मग ट्रिप्सिन आणि पित्तक्षार घालून मिश्रण ४१ अंशांवर ठेवतात, कारण कोंबडीच्या अंगाची ऊब तेवढीच असते. स्पोरोझॉइट बाहेर पडतात. ते धुऊन पेशींच्या थरावर सोडतात.

या पेशी बहुधा गाईच्या मूत्रपिंडाच्या असतात. एमडीबीके नावाचा हा पेशीवंश १९५७ पासून वाढवला जातो. प्राण्यांचे असे पेशीवंश पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र सांभाळते आणि संशोधकांना पुरवते. स्पोरोझॉइट काही तासांत पेशीत शिरतात, दोन-तीन दिवसांत फुगतात, आणि त्यांतून शेकडो मेरोझॉइट, म्हणजे परजीवीची पहिली नवी पिढी, सुटतात.

गाईच्या पेशीत गाडी इथेच अडते. पिल्लाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत मात्र डेव्हिड डोरन यांनी १९७० मध्ये थेट नव्या ऊसिस्टपर्यंतचा प्रवास घडवून दाखवला. पण असे ऊसिस्ट मोजकेच मिळतात.

औषध तपासायला पहिली पिढीही पुरते: औषध घातलेल्या आणि न घातलेल्या पेशींत किती परजीवी शिरले, किती वाढले, ते मोजायचे. जिवंत लशीला मात्र ऊसिस्ट ढिगाने लागतात, आणि ते अजूनही मुख्यतः जिवंत कोंबड्यांतच तयार करावे लागतात.