एकच जनुक काढलं. एक यीस्ट जगलं, दुसरं मेलं. असं का?

पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये सुमारे सहा हजार जनुकं असतात. त्यातलं एखादं काढून टाकल्यावर यीस्ट मेलं, तर ते जनुक 'अत्यावश्यक' मानतात. हिशेब सरळ वाटतो ना? पण २०१० साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासानं तो बिघडवला. प्रयोगशाळेतल्या यीस्टच्या दोन वाणांमधली जनुकं एकेक करून काढून पाहिली गेली. त्यात ५७ जनुकं अशी निघाली, की त्यांच्याशिवाय एक वाण जगत नाही आणि दुसऱ्याचं काहीच अडत नाही. दोन्ही वाण एकाच प्रजातीचे!

फरक पडतो तो बाकीच्या जनुकांमुळे. यालाच जनुकीय पार्श्वभूमी म्हणतात.

जनुक म्हणजे प्रथिनाची पाककृती, असं आपण ऐकलेलं असतं. पण कृती वहीत आहे म्हणून पदार्थ ताटात येतोच असं नाही. कोणतं प्रथिन कधी आणि किती बनवायचं, हे पेशीतली दुसरी प्रथिनं ठरवतात. त्यातलं एक जरी बिघडलं, तरी धडधाकट जनुकही गप्प बसतं.

उदाहरण घ्या 'एस२८८सी' या वाणाचं. याचा मुख्य पूर्वज १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मर्सेड इथे एका सडक्या अंजिरावर सापडला होता. १९९६ मध्ये याच वाणाचा संपूर्ण डीएनए वाचून झाला. पेशीत केंद्रक असलेल्या सजीवाचा संपूर्ण डीएनए पहिल्यांदाच वाचला गेला होता. साहजिकच जगभरच्या प्रयोगशाळांनी हा वाण उचलला.

पण हा वाण 'नमुनेदार' अजिबात नाही. त्याचं 'फ्लो८' नावाचं जनुक तुटलेलं आहे. यीस्टच्या पेशी एकमेकींना चिकटवणारी प्रथिनं बनवण्याचा हुकूम फ्लो८ देतं. चिकट प्रथिनांची जनुकं जागेवर आहेत, हुकूम देणाराच नाही. त्यामुळे या यीस्टच्या गुठळ्या होत नाहीत. संशोधकांना असं मोकळं, मोजायला सोपं यीस्टच हवं होतं. म्हणजे आपल्या सोयीसाठी निवडलेला हा दोष! याच वाणात 'हॅप१' या जनुकात डीएनएचा एक भटका तुकडा घुसून बसला आहे. त्यामुळे श्वसनाशी संबंधित अनेक जनुकांचं कामकाज बदललं आहे.

२०१४ साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात तर थेट प्रथिनंच मोजली. १६० प्रथिनांना एकेक करून चमकणारं हिरवं प्रथिन जोडलं. मग प्रयोगशाळेतला वाण आणि द्राक्षबागेतला वाण यांच्या संकरातून आलेल्या पेशी चमकेनुसार वेगळ्या केल्या. डीएनएमधल्या काही मोजक्या जागा अशा सापडल्या, की तिथल्या फरकाचा परिणाम निम्म्याहून जास्त प्रथिनांवर होत होता.

म्हणून 'यीस्टमध्ये अमुक जनुक तमुक काम करतं' असं वाचलं की कोणत्या वाणात, हे विचारायला हवं. तुलना करायची तर एकाच वाणातल्या, फक्त त्या एका जनुकाचा फरक असलेल्या पेशींची. नाहीतर श्रेय एकाला आणि करामत दुसऱ्याचीच.

माणसांतही हेच दिसतं. सिकलसेल आजारात रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जनुकात तोच एक बदल असूनही कुणाला वारंवार असह्य वेदना होतात, कुणाला कमी त्रास होतो. याचं एक कारण म्हणजे बाळ गर्भात असताना तयार होणारं हिमोग्लोबिन. काही जणांत ते मोठेपणीही जास्त बनत राहतं, आणि त्यावर 'बीसीएल११ए' या वेगळ्याच जनुकाचा ताबा असतो. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेली 'कॅसजेव्ही' ही उपचारपद्धती सिकलसेलच्या जनुकाला हातच लावत नाही. ती रक्तपेशींमध्ये बीसीएल११एचा जोर कमी करते आणि गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं.