विश्लेषण : फाइलवरचा पहारा लिनक्सलाच का खोळंबवतो?

सर्व्हर सुरू असतो, प्रोसेसरवर ताण नसतो, तरीही फाइल उघडत नाही. यामागे अनेकदा सुरक्षेसाठी बसवलेला प्रोग्रामच असू शकतो. लिनक्समध्ये हे कसे घडते, याचा आढावा.

फाइलमधील बदल कसे कळतात?

लिनक्सच्या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात. फाइल तयार झाली, बदलली किंवा पुसली, की कर्नल संबंधित प्रोग्रामला कळवतो. त्यासाठी २००५ मध्ये ‘आयनोटिफाय’ ही सोय आली. अँड्रॉइडमधील ‘फाइलऑब्झर्व्हर’ तिच्यावरच आधारलेला आहे. ही केवळ वर्दी असते, त्यासाठी कोणी थांबत नाही. वर्दी वाचणारा मागे पडला तर रांग भरते. ही मर्यादा सहसा १६,३८४ नोंदींची असते. पुढच्या नोंदी गळतात आणि रांग ओसंडल्याचा निरोप तेवढा मिळतो. मग प्रोग्रामला फोल्डर नव्याने तपासावे लागते.

मग अडते कुठे?

अँटिव्हायरसला फाइल उघडण्याआधीच तपासायची असते. त्यासाठी ‘फॅनोटिफाय’ आहे. यात कर्नल फाइल मागणाऱ्याला थांबवतो आणि पहारेकऱ्याचा होकार किंवा नकार येईपर्यंत वाट पाहतो. उत्तर आले नाही, तर मागणारा अडकतो. समजा, अँटिव्हायरसने स्वतःची नोंदवही उघडली आणि तीही पहाऱ्याखालीच आहे. परवानगी देणारा तोच, मागणाराही तोच. उत्तर देणारा दुसरा धागा नसेल, तर किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखी गत होते.

यावर उपाय काय?

तपासायची फाइल कर्नल स्वतःच उघडून देतो आणि ती वाचताना नवी विचारणा होत नाही. पहारेकऱ्याने मात्र स्वतःच्या फाइली पहाऱ्यातून वगळाव्यात. रांग वाचण्यासाठी वेगळा धागा ठेवावा आणि वेळखाऊ तपासणी इतर धाग्यांकडे सोपवावी. पूर्वी परवानगीसाठी अडकलेला प्रोग्राम सक्तीने बंदही करता येत नसे. २०१९ मधील बदलाने ते शक्य झाले.

पहारेकरीच बंद पडला तर?

तो पूर्ण बंद पडला, तर कर्नल अडलेल्या सर्व मागण्यांना परवानगी देतो. यंत्रणा चालू राहते, पण तपासणी होत नाही. तो नुसता गोठला, तर सगळेच ताटकळतात. म्हणूनच अँटिव्हायरस बसवून भागत नाही. तो वेळेवर उत्तर देतो का, यावरही लक्ष ठेवावे लागते.