बाळाला जाहिरातीत पाठवायचं?

बारशाला आलेल्या चौघांनी ‘हिला जाहिरातीत घाला हो’ म्हटलं की आईबाबांच्या डोक्यात तो किडा वळवळायला लागतोच. मग मोबाइलवर एखादी ‘किड्स मॉडेल हंट’ दिसते, फॉर्म भरला जातो आणि लगेच फोन येतो: बाळ सिलेक्ट झालंय, फक्त पोर्टफोलिओचे पैसे भरा. इथेच थांबावं. तान्ह्या बाळाचा चेहरा दोन महिन्यांत बदलतो, मग हजारो रुपयांचा पोर्टफोलिओ काय कामाचा? खिडकीतल्या उजेडात काढलेले चार साधे फोटो पुरतात. पैसे निर्मात्याने द्यायचे असतात, आपण नाही.

खरा प्रश्न शूटच्या दिवसाचा आहे. काही सेकंदांच्या डायपरच्या जाहिरातीसाठी बहुधा एकाहून जास्त बाळं बोलावतात; एक रडलं की दुसरं आत. बाळाची दुपारची झोपेची वेळ आणि लायटिंग तयार व्हायची वेळ नेमकी एकच येते. कुणी खुळखुळा वाजवतंय, आई कॅमेऱ्याशेजारी टाळ्या पिटतेय, आणि पोर डोळे चोळतंय, मान फिरवतंय. तान्ह्याचं ‘नको’ ते हेच. अख्खं युनिट ताटकळलं तरी त्या क्षणी बाळाला उचलून बाहेर नेण्याची धमक असेल, तरच या वाटेला जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायदा अशा आईबाबांच्या बाजूने आहे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि पुढच्या वर्षी नियम आले. मुलांना घेऊन काम करायचं तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, तीन तासांनंतर विश्रांती हवीच, आणि मुलाच्या मर्जीविरुद्ध काहीही नाही. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या सूचनांनुसार, स्तनपान किंवा लसीकरणाच्या प्रचारासारखे अपवाद वगळता, तीन महिन्यांखालचं बाळ घेऊच नये. बाळदुधाच्या डब्यावर तर बाळाचं चित्र छापायलाच १९९२च्या कायद्याने बंदी आहे. तसल्या कामाचं आमंत्रण आलं तर सरळ फोन ठेवून द्या.

कमाईपैकी किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जाते आणि सज्ञान झाल्यावर त्याला मिळते. असा नियम का लागतो? चॅप्लिनच्या ‘द किड’मधला (१९२१) जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा त्याची बहुतेक कमाई आई आणि सावत्र वडिलांनी खर्च करून टाकली होती. तो कोर्टात गेला आणि १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाला त्यासाठी कायदा करावा लागला. तेव्हा ठेवीची पावती मागून घ्या, संकोच करू नका.

मूल बोलतं झालं असेल तर आधी त्यालाच विचारा, आणि शूटच्या सकाळी पुन्हा विचारा. करारात फोटो कुठे आणि किती वर्षं वापरणार ते लेखी हवं. मुदत घातलेली नसेल तर सही करू नका.