‘यावरून असे सिद्ध होते की…’
मे महिन्यात लोधिवलीच्या आसपास विहिरींचं पाणी खाली जातं. पाताळगंगा मात्र वाहत असते. समजा, एखाद्या विद्यार्थिनीनं आठ आठवडे नदीची पातळी मोजली आणि प्रकल्प अहवालाच्या बाइंडिंगच्या आदल्या रात्री लिहिलं, ‘यावरून असे सिद्ध होते की परिसरातील भूजल समृद्ध आहे.’ मोजमाप बिनचूक, निष्कर्ष मात्र पार चुकलेला. घाटावरच्या वळवण, शिरवटा, लोणावळा या तलावांचं पाणी टाटांच्या खोपोली वीजकेंद्रातून नदीत उतरतं, तेही १९१५पासून. तिनं मोजली ती बरीचशी वीजनिर्मिती! अशा चुकांमागे अहवालातल्या विश्लेषण, चर्चा, मर्यादा आणि निष्कर्ष यांबद्दलचे गैरसमज असतात.

गैरसमज : विश्लेषण म्हणजे तक्ता वाक्यांत लिहिणं.
तक्ता वाचकाला दिसतोच. विश्लेषणात तुलना लागते. उत्तम नमुना आपल्याच रायगड जिल्ह्यातला आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर केलेली चाचणी २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. रुग्ण ७०. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन हे औषध, निम्म्यांना त्यासोबत प्रतिविषाचं इंजेक्शन. दहा तासांनी लक्षणं पूर्ण गेली ती पहिल्या गटात ३५पैकी ८ जणांची, दुसऱ्यात ३२ जणांची. बरं व्हायला सरासरी १७.७ तासांऐवजी ८ तास लागले. विश्लेषण इथवरच.

गैरसमज : चर्चा म्हणजे तेच पुन्हा, जरा लांबवून.
बहुतेक अहवाल इथेच झोपतात. चर्चेत ‘असं का?’ आणि ‘इतरांना काय दिसलं?’ हे विचारायचं असतं. प्राझोसिन विषाचे हृदयावरचे परिणाम आवरतं, प्रतिविष रक्तातल्या विषालाच निकामी करतं. म्हणून जोडी लवकर गुण देते, ही झाली कारणमीमांसा. पण १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ट्युनिशियातल्या मोठ्या चाचणीत प्रतिविषाचा फायदा दिसला नव्हता. ही गोष्ट लपवायची नाही, तिच्याशी दोन हात करायचे. तिथले विंचू वेगळे, आणि तिथे दंशाची तीव्रता न बघता सरसकट रुग्ण घेतले होते. महाडला विशिष्ट तीव्रतेचेच रुग्ण घेतले होते. पटो न पटो, मुद्दा मांडलाच पाहिजे.

गैरसमज : मर्यादा कबूल केल्या की मार्क जातात.
महाडच्या चाचणीत कोणाला काय दिलं, हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक होतं. ही मर्यादा लेखकांनी थेट शोधनिबंधाच्या शीर्षकातच छापली आहे.

गैरसमज : निष्कर्ष दणदणीत हवा.
बावस्करांचा निष्कर्ष एका वाक्याचा आहे : दोन्ही औषधं एकदम दिल्यास नुसत्या प्राझोसिनपेक्षा रुग्ण लवकर बरा होतो. ‘जगातल्या सगळ्या विंचूदंशांवर रामबाण’ असं काही नाही. ‘सिद्ध होते’ हे क्रियापद तर मी प्रकल्पात दिसलं की लाल पेननं गोल करते. नवा आकडा, नवा मुद्दाही निष्कर्षात आणायचा नाही. त्याची जागा मागच्या पानांवर.

नदीवाल्या मुलीला लिहिता आलं असतं : ‘या आठ आठवड्यांत या ठिकाणी पातळी टिकून राहिली. खोपोलीच्या विसर्गाशी ती ताडून पाहिलेली नाही. त्यामुळे भूजलाबद्दल यावरून काही सांगता येत नाही.’ व्हायवात पुढचा प्रश्न अर्थातच विसर्गावर आला असता, आणि त्यासाठी तिला एकदा खोपोलीला जाऊन यावं लागलं असतं.