मागच्या फळीवरच्या चित्रकथा

(मोठ्या कंपनीचा आधार न घेता स्वतःच्या हिमतीवर चित्रकथा काढणारे कलावंत जगात अनेक ठिकाणी आहेत. त्यांच्या चित्रकथा वाचकांपर्यंत कशा पोहोचतात, त्या विकणारे छोटे दुकानदार कोणता धोका पत्करतात आणि या कामी वाचकाचा वाटा किती मोठा असतो, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, चित्रकथा वाचायला कोणाला आवडत नाही? चित्रे पाहता पाहता गोष्ट पुढे सरकते. पात्रांच्या तोंडाजवळ फुगे काढलेले असतात आणि त्या फुग्यांत त्यांचे बोलणे लिहिलेले असते. आपल्याकडे १९६४ साली 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू झाले. ते मराठीतही निघत असे. त्यातल्या वेताळाबद्दल घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारा. कदाचित ते हसून त्याची एखादी गोष्टच सांगू लागतील. पुढे १९६७ साली 'अमर चित्र कथा' सुरू झाली. अशी पुस्तके वर्तमानपत्रांच्या दुकानांत आणि रेल्वे स्टेशनांवर मिळत असत.

अमेरिकेत मात्र केवळ चित्रकथांची अशी वेगळी दुकाने आहेत. तेथे मुख्य भर चित्रकथांवरच असतो. भिंतीवर चित्रकथा, टेबलावर चित्रकथा आणि लांबट पेट्यांतही जुन्या चित्रकथाच! ही दुकाने कशी निर्माण झाली, याची हकिकत मोठी रंजक आहे.

पूर्वी अमेरिकेतही चित्रकथा वर्तमानपत्रांच्या दुकानांतच विकल्या जात. तेथे एक पद्धत होती. जेवढे अंक विकले जात, तेवढ्यांचेच पैसे दुकानदार देई. उरलेले अंक परत जात. दुकानदाराला त्यात तोटा नव्हता, परंतु प्रकाशकाला होता. दहा अंक खपावेत म्हणून त्याला वीस-पंचवीस अंक छापावे लागत. उरलेला कागद रद्दीत जाई. मोठ्या कंपन्यांना हा तोटा सोसत असे. एकट्या चित्रकाराने तो कसा सोसावा?

१९७२-७३ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील फिल सूलिंग नावाच्या गृहस्थांनी एक नवी पद्धत सुरू केली. चित्रकथांच्या दुकानांसाठी ते थेट प्रकाशकांकडून माल घेऊ लागले. अट अशी होती, की माल जास्त सवलतीत मिळेल. पण एकदा घेतलेला अंक परत करता येणार नाही. दुकानदाराने आधी मागणी नोंदवायची, मग प्रकाशकाने अंक पाठवायचे.

ही साधी वाटणारी अट फार महत्त्वाची ठरली. आता किती अंक खपणार, हे छपाईपूर्वीच कळू लागले. दोन हजारांची मागणी आली, तर दोन हजारांहून थोडे अधिक छापावेत, म्हणजे झाले. त्यामुळे थोडे पैसे असलेल्या माणसालाही चित्रकथा काढणे शक्य झाले. अशा चित्रकथांना 'स्वतंत्र चित्रकथा' म्हणतात. स्वतंत्र अशासाठी, की गोष्ट कोणती सांगायची, ती कशी रेखाटायची आणि कधी संपवायची, हे कलावंत स्वतः ठरवतो. त्याने निर्माण केलेली पात्रेही त्याच्याच मालकीची राहतात.

अशा काही कलावंतांची ओळख करून घेऊ.

हार्वी पेकार हे क्लीव्हलंड शहरातील एका इस्पितळात कारकून होते. रुग्णांच्या फायली लावून ठेवणे हे त्यांचे काम. त्यांना चित्रे काढता येत नसत. ते कागदावर चौकटी आखून त्यांत काड्यांची माणसे काढत व संवाद लिहीत. मग चित्रकार त्यावरून चित्रे तयार करीत. १९७६ साली त्यांनी स्वतःच्या खर्चाने 'अमेरिकन स्प्लेंडर' ही चित्रकथा काढली. तिच्यात आकाशात उडणारा वीर नव्हता. दुकानातील रांग, कचेरीतील गप्पा, महिनाअखेरीची चणचण अशा रोजच्या गोष्टी होत्या. सामान्य माणसाच्या आयुष्यावरही चित्रकथा होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले. २००३ साली त्यांच्या जीवनावर चित्रपटही निघाला.

केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या दोन मित्रांची गोष्ट तर अधिकच नवलाची. १९८३ साली एका संध्याकाळी ईस्टमनने गंमत म्हणून हत्यार घेतलेल्या कासवाचे चित्र काढले. लेअर्डला हसू आले. त्याने त्यात आणखी भर घातली. त्या थट्टेतूनच चार कासवांची गोष्ट जन्माला आली. छापायला पैसे नव्हते. आयकराची परत मिळालेली थोडी रक्कम आणि एका नातेवाइकाकडून उसने घेतलेले पैसे एवढेच त्यांचे भांडवल! १९८४ च्या मे महिन्यात त्यांनी काळ्या-पांढऱ्या चित्रांचे सुमारे तीन हजार अंक छापले. ते थोड्याच दिवसांत संपले आणि पुन्हा छापावे लागले. पुढे 'निन्जा टर्टल्स' या नावाने ही कासवे दूरदर्शनच्या पडद्यावर आणि चित्रपटांत झळकली व जगभर पोहोचली. लेअर्डने आपले हाल विसरले नाहीत. स्वतःच्या खर्चाने चित्रकथा काढू पाहणाऱ्यांना मदत करण्यासाठी त्याने १९९२ साली एक संस्था स्थापन केली. सुमारे वीस वर्षे तिने नवोदित कलावंतांना पैशांचे साहाय्य दिले.

जेफ स्मिथ यांनी १९९१ मध्ये 'बोन' ही चित्रकथा स्वतःच प्रकाशित करायला सुरुवात केली. एका दरीत वाट चुकलेल्या तीन चुलत भावंडांची ती गोष्ट आहे. ५५ अंकांनंतर ती २००४ साली पूर्ण झाली. तेरा वर्षे एकच गोष्ट चिकाटीने सांगत राहणे सोपे नाही.

पण मुलांनो, प्रत्येक वेळी असे गोड फळ मिळत नाही. कासवांचे यश पाहून १९८६ च्या सुमारास अनेकांनी तशाच चित्रकथा काढल्या. कोणी हॅमस्टर घेतले, कोणी कांगारू. आज घेऊन ठेवलेला अंक उद्या मोठ्या किमतीला विकला जाईल, या आशेने दुकानदारांनी वाचून न पाहताच ढिगाने अंक मागवले. वाचकांनी मात्र ते घेतले नाहीत. माल परत करता येत नव्हता! १९८७ पर्यंत हा फुगा फुटला. अनेक छोटे प्रकाशक बंद पडले आणि काही दुकानांनाही कुलूप लागले. नक्कल करणाऱ्यांबरोबर चांगले काम करणारेही त्यात भरडले गेले.

दुकानदार छोट्या चित्रकथा मागवताना का कचरतो, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल. एक हिशेब करून पाहू. समजा, एका चित्रकथेची किंमत पाच डॉलर आहे. दुकानदाराला ती तीन डॉलरला मिळते. त्याने पाच प्रती घेतल्या, तर पंधरा डॉलर गुंतले. तीन प्रती विकल्या, की त्याचे पैसे निघाले. पुढच्या दोन प्रतींत त्याला नफा. पण दोनच प्रती खपल्या, तर? दहा डॉलर हाती आले, पाच डॉलर बुडाले आणि तीन प्रती फळीवर धूळ खात पडल्या. दर महिन्याला अशा शेकडो चित्रकथा निघतात. दुकानदार तरी किती धोका पत्करणार? म्हणून तो खात्रीचा माल मागवतो. ज्या चित्रकथेबद्दल कोणी विचारत नाही, ती तो मागवत नाही. आणि जी मागवली जात नाही, तिचा पुढचा अंक निघत नाही.

मग अशा चित्रकथा शोधायच्या कशा?

दुकानात शिरताच समोरच्या भिंतीवर मोठ्या कंपन्यांचे रंगीत अंक दिसतात. नवे अंक बहुधा बुधवारी येतात, त्यामुळे त्या दिवशी तेथे गर्दी असते. स्वतंत्र चित्रकथा सहसा मागच्या किंवा खालच्या फळीवर असतात. त्यांची मुखपृष्ठे साधी असतात. म्हणून घाई न करता, वाकून, एकेक अंक हाती घेऊन पाहावा लागतो.

पण डोळ्यांपेक्षाही येथे जीभ अधिक उपयोगी पडते. दुकानदाराला विचारावे. "मला ही गोष्ट आवडली, अशीच आणखी काही आहे का?" एवढा एक प्रश्न पुरतो. चांगला दुकानदार आपल्या गिऱ्हाइकांची आवड ओळखतो. हवी असलेली चित्रकथा दुकानात नसेल, तर ती मागवायला सांगता येते. बहुतेक दुकानांत नेहमीच्या गिऱ्हाइकांची यादी असते. यादीत आपले नाव व हव्या त्या चित्रकथेचे नाव नोंदवले, की दुकानदार प्रत्येक नवा अंक आपल्यासाठी बाजूला काढून ठेवतो. त्या एका नोंदीमुळे दुकानदाराची काळजी कमी होते आणि दूर कोठेतरी बसलेल्या चित्रकाराची एक प्रत नक्की होते. मात्र नाव नोंदवल्यावर अंक न्यायला गेले पाहिजे. आपण गेलो नाही, तर तो तोटा दुकानदाराच्या माथी बसतो.

गावातल्याच नवख्या चित्रकारांसाठी आणखी एक सोय असते. चित्रकार आपल्या पाच-दहा प्रती दुकानात ठेवतो. दुकानदार आधी पैसे देत नाही. प्रत विकली गेली, की ठरलेला हिस्सा चित्रकाराला मिळतो. न विकलेल्या प्रती तो परत नेतो. शिकागो शहरात १९९१ साली सुरू झालेले 'क्विंबीज' नावाचे दुकान अशा हाताने केलेल्या पुस्तिकांसाठी प्रसिद्ध आहे. तसेच जो फील्ड या कॅलिफोर्नियातील दुकानदारांच्या कल्पनेतून २००२ साली 'मोफत चित्रकथा दिन' सुरू झाला. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुकानांत येणाऱ्यांना काही चित्रकथा फुकट देण्याची प्रथा त्यातून पडली. मुले फुकटच्या अंकासाठी येतात आणि कित्येकदा आवडीचा दुसरा अंक विकत घेऊन जातात.

दुकानांना माल पुरवणारा व्यापारी अडचणीत आला, तर काय होते, हेही नुकतेच दिसून आले. अमेरिकेतील बहुतेक दुकानांना अनेक वर्षे 'डायमंड' ही एकच कंपनी चित्रकथा पुरवत होती. २०२५ च्या जानेवारीत तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. अनेक छोट्या प्रकाशकांची येणी थकली. गोदामात अडकलेला आपलाच माल परत मिळवण्यासाठी त्यांना न्यायालयात झगडावे लागले. मोठ्या कंपन्यांनी त्यापूर्वीच दुसरी वाट धरली होती. मोठे झाड वादळात तग धरते, पण रोपट्याला कोणीतरी आधार द्यावाच लागतो.

आपल्या देशातही स्वतंत्र चित्रकथा आहेत. १९९४ साली ओरिजित सेन या चित्रकाराने 'रिव्हर ऑफ स्टोरीज' हे पुस्तक काढले. नर्मदेच्या खोऱ्यातील आदिवासींचे जीवन आणि धरणामुळे त्यांच्यावर आलेले विस्थापनाचे संकट हा त्याचा विषय. याच नदीवरील सरदार सरोवरामुळे आपल्या राज्यातील नंदुरबार भागातल्या गावांनाही आपली जमीन सोडावी लागली. हे पुस्तक बरीच वर्षे बाजारात मिळत नव्हते. ज्यांनी ते वाचले होते, ते त्याच्याविषयी बोलत राहिले. अखेर २०२२ साली ते पुन्हा छापले गेले. पुस्तक जिवंत ठेवण्याचे काम वाचकही करू शकतात, ते असे.

मुलांनो, एक सोपा प्रयोग तुम्हीही करा. चार कोरे कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडा. दुमडीवर दोन टाचण्या मारा. झाली सोळा पानांची पुस्तिका! आता तुमच्या मोहल्ल्यातली, तुमच्या शाळेतली एखादी गोष्ट तिच्यात चित्रांनी सांगा. गोष्ट उर्दूत लिहिलीत, तर पाने उजवीकडून उलगडतील. मराठीत लिहिलीत, तर डावीकडून. आणि पुढच्या वेळी पुस्तकांच्या दुकानात गेलात, की समोरच्या भिंतीपाशीच थांबू नका. मागच्या फळीपर्यंत जा आणि दुकानदाराला विचारा. तुमच्या त्या एका प्रश्नाची कोणीतरी वाट पाहत असेल.

शब्दार्थ
फळी – सामान किंवा पुस्तके ठेवण्याची आडवी पट्टी
हिमतीवर – धैर्याच्या बळावर
चणचण – पैशांची टंचाई
भांडवल – धंद्यात घातलेला पैसा
नवोदित – नव्याने पुढे आलेला
कचरणे – मागेपुढे पाहणे
येणी – इतरांकडून मिळायचे पैसे
दिवाळखोरी – कर्ज फेडता न येण्याची स्थिती
तग धरणे – टिकून राहणे
विस्थापन – राहती जागा सोडून जावे लागणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'स्वतंत्र चित्रकथा' कशाला म्हणतात?
(आ) हार्वी पेकार कोठे नोकरी करीत होते?
(इ) १९८७ च्या सुमारास अनेक छोटे प्रकाशक का बंद पडले?
२. वाक्यांत उपयोग करा : धोका पत्करणे, धूळ खात पडणे, तग धरणे.
३. दुकानदार आणि चित्रकथा शोधणारा विद्यार्थी यांच्यातील संवाद आठ ओळींत लिहा.
४. पाठातील हिशेबात दुकानदाराने पाचऐवजी आठ प्रती घेतल्या व चार विकल्या, तर त्याला नफा होईल की तोटा? किती?