फिलर विरघळवण्याआधी डॉक्टरांना हे सांगा

लग्नसराई जवळ आली की आपल्या मंडळातल्या मुली मला हमखास विचारतात, "ताई, ओठांना फिलर केलं आणि नाही आवडलं, तर काढता येतं ना?" मी सुरतेत दातांची डॉक्टर. फिलर मी करत नाही, पण ते विरघळवणारं औषध माझ्या रोजच्या वापरातलं आहे. काढता येतं, हे खरं. पण ते इंजेक्शनही एक औषधच आहे, आणि औषधाची अ‍ॅलर्जी होऊ शकते.

ओठांत-गालांत भरतात ते फिलर बहुतेक वेळा हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं असतं. ते तोडणारं एन्झाइम म्हणजे हायल्युरोनिडेज. जुलै 2025 मध्ये उर्फी जावेदने ओठांतलं फिलर विरघळवून घेतलं, तेव्हाचा सुजलेल्या चेहऱ्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. या इंजेक्शननंतर थोडी सूज बऱ्याच जणांना येते आणि काही दिवसांत उतरते. नुसती सूज म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे.

अ‍ॅलर्जीत खाज सुटते, अंगावर गांधी उठतात, पापण्या फुगतात. कधी हे काही मिनिटांत होतं, कधी दुसऱ्या दिवशी. जीभ किंवा घसा सुजला, दम लागला, चक्कर आली, तर लगेच अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं. असं क्वचितच होतं, पण होतं. कारण हे औषध बरेचदा मेंढी किंवा बैलाच्या वृषणातून काढलेलं असतं, म्हणजे शरीराला परकं प्रथिन.

एकदा हे औषध शरीरात गेलं की पुढच्या वेळी अ‍ॅलर्जीची शक्यता असते. आणि ते आधी गेलंय हे अनेकांना माहीतच नसतं! मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळा बधिर करताना ते भुलीच्या औषधात मिसळतात. गुजरातेत गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी मावा खाऊन तोंड उघडेनासं झालेली तरुण मुलं माझ्याकडे येतात. त्यांच्या गालात आम्ही हेच टोचतो. मधमाशी आणि गांधीलमाशीच्या विषातही याच जातीचं एन्झाइम असतं. मामाच्या मळ्यात मधमाशी चावून कधी अंगभर गांधी उठल्या असतील, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

घाई नसेल तर आधी हातावर थोडं औषध टोचून चाचणी करता येते. वीस-तीस मिनिटं थांबून खाज किंवा गांध येते का ते बघतात. अ‍ॅलर्जीची गोळी घेतली असेल तर ही चाचणी फसू शकते, म्हणून तेही सांगा. मात्र फिलरने रक्तवाहिनी अडली, म्हणजे त्वचा पांढरी पडली, खूप दुखू लागलं किंवा दिसेनासं झालं, तर चाचणीसाठी थांबता येत नाही. तिथे उशीर जास्त घातक.

म्हणून हे काम पार्लरमध्ये नको. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: चाचणी करणार का? अ‍ॅड्रेनलिन हाताशी आहे का? इंजेक्शननंतर निदान अर्धा तास तिथेच बसा, लगेच गाडी काढून रिंगरोड गाठू नका. घरी आल्यावर श्वास जड वाटला, तर कुणाला विचारत न बसता 108 ला फोन करा.